प्रेताला हात लावण्याआधी

1888 सालची गोष्ट. भावनगरच्या शामळदास कॉलेजात पहिले सत्र कसेबसे काढून अठरा वर्षांचा एक मुलगा घरी परतला होता. प्राध्यापक काय शिकवतात ते डोक्यावरून जात होते. वडील जाऊन तीन वर्षेही झाली नव्हती. अशात घराण्याचे जुने सल्लागार मावजी दवे भेटीला आले. त्यांना सगळे जोशीजी म्हणत. त्यांनी सुचवले, इथे बी.ए. होण्यात चार-पाच वर्षे घालवण्यापेक्षा याला विलायतेला पाठवा, बॅरिस्टर होऊन येईल. मुलगा हरखला आणि विचारून बसला, मला डॉक्टरीसाठी नाही का पाठवता येणार? थोरल्या भावाने तिथेच अडवले. वडिलांना ते पसंत नव्हते. आपण वैष्णव, मढी फाडणे हे आपले काम नव्हे, असे ते तुझ्याच संदर्भात म्हणायचे.

यावर जोशीजींचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे. ते म्हणाले, माझा काही डॉक्टरीला विरोध नाही, शास्त्रांचाही नाही. पण डॉक्टर होऊन कोणी दिवाण होत नाही! मोहनदास गांधी बॅरिस्टर झाले. हा प्रसंग त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितला आहे.

घराण्याच्या सोवळ्याने सुरू झालेला वाद दिवाणगिरीच्या हिशेबावर मिटला. आपल्याकडे धर्माचे पुष्कळ प्रश्न असेच मिटतात. तरीही मोहनदासांचे वडील करमचंद गांधी यांच्या त्या नकाराला हसून पुढे जाता येत नाही. वैद्यकाचे शिक्षण जगात कुठेही घ्या, त्याच्या उंबरठ्यावर एक अशी कृती उभी असते जी रस्त्यावर केली तर गुन्हा आणि घरात केली तर विटाळ. मेलेल्या माणसाला कापायचे. हा अधिकार विद्यार्थ्याला कोण देतो? कॉलेज, सरकार, शास्त्र, की टेबलावर निजलेला तो माणूस?

फर्स्ट एमबीबीएसच्या मुलांना डिसेक्शन हॉलची ओळख आधी नाकाने होते. फॉर्मालिनचा वास जिन्यातच गाठतो, आत गेल्यावर डोळ्यांतून पाणी काढतो आणि संध्याकाळी जेवताना बोटांना येत राहतो. ओळीने मांडलेली टेबले, त्यांवर काळपट पडलेले, चामड्यासारखे ताठरलेले देह, भोवती नव्या कोऱ्या ॲप्रनमधली मुले. मुले 'बॉडी' म्हणतात, सर 'कॅडॅव्हर' म्हणतात; 'प्रेत' हा शब्द तिथे कोणी उच्चारत नाही. टेबलाच्या कडेला कनिंगहॅमचे पुस्तक उघडे असते, पानांवर मागच्या तुकड्यांच्या बोटांचे तेलकट डाग. सुरुवात बहुधा छाती आणि काखेपासून होते. चेहरा बरेच दिवस फडक्याखाली राहतो आणि डोके-मान पुष्कळ पुढे येते. या क्रमाला अभ्यासक्रमाची कारणे आहेत, पण त्यात नकळत एक माणुसकीही साधली जाते. हाताला सवय झाल्यावरच डोळ्यांना डोळे दिसतात.

पहिल्या दिवशी कोणाला तरी घेरी येतेच. त्या रात्री वसतिगृहात जगण्या-मरण्याच्या गप्पा रंगतात. मराठीत याला नेमका शब्द आहे: स्मशानवैराग्य. ते तिथेही तितकेच टिकते जितके स्मशानातून परतताना टिकते. दुसऱ्या आठवड्यात तीच मुले हात धुऊन कँटीनमध्ये वडापाव खात असतात.

आणि तरीही त्या टेबलापाशी जे शिकायला मिळते ते दुसरीकडे मिळत नाही. पुस्तकातल्या चित्रात रोहिणी लाल, नीला निळी आणि मज्जातंतू पिवळा असतो. देहात सगळे एकाच मळकट रंगाचे. चिमट्याने चरबी बाजूला करत करत एक दोरा सापडतो आणि तो नेमका कोणता यावर चौघांत चार मते पडतात. कधी पुस्तकाने सांगितलेली रक्तवाहिनी त्या जागी नसतेच, भलतीकडून वळून आलेली असते. सर शांतपणे सांगतात, या माणसात ती अशीच होती. पुस्तकात 'मनुष्य' असतो, टेबलावर 'हा माणूस' असतो. डॉक्टरकीचे सारे शिक्षण या दोहोंमधल्या अंतराचे आहे, आणि ते अंतर पहिल्यांदा कळते ते एका मेलेल्याकडून.

सुश्रुताला हे पक्के ठाऊक होते. हातात शस्त्र घेण्याआधी शिष्याने कशाकशावर सराव करावा याची त्याने दिलेली यादी वाचताना एखाद्या मंडईत फिरल्यासारखे वाटते. छेद घ्यायला भोपळा, कलिंगड, काकडी. शीर टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. खरवडायला केसाळ कातडे, टाके घालायला जाड कापड आणि मऊ चामडे. आत रुतलेले काही काढण्याचा सराव फणसाच्या आणि बेलफळाच्या बियांवर, दात उपटण्याचा मेलेल्या जनावरांच्या दातांवर. पट्ट्या बांधायला चक्क बनवलेला पुतळा. आजच्या 'स्किल लॅब'मध्ये सिलिकॉनची कातडी आणि प्लॅस्टिकचे बाहुले असतात. पुतळा कायम आहे, भोपळा तेवढा गेला.

पण अंतरंग समजायला भोपळा पुरत नाही. म्हणून आपल्या संहितेच्या शारीरस्थानात तो प्रेताची कृती सांगतो. अवयव शाबूत असलेले, विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेले, अतिवृद्ध नसलेले शरीर घ्यावे. आतड्यांतला मळ काढावा, मुंज गवत, साल, कुश यांनी गुंडाळून पिंजऱ्यात घालावे आणि आडबाजूला वाहत्या पाण्यात ठेवावे. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. या साऱ्या कृतीत सुरी कुठेच नाही. प्रेताला शस्त्र लावू नये या समजुतीशी केलेली ही तडजोड होती, की कुजलेल्या शरीरासाठी कुंचाच सोयीचा, हे सुश्रुत सांगत नाही. मात्र त्याच ठिकाणी तो एक कुंपण घालून ठेवतो: देहातला जो अतिसूक्ष्म स्वामी आहे तो या डोळ्यांना दिसायचा नाही, त्याला ज्ञानाचे आणि तपाचे डोळे लागतात. म्हणजे शिष्याला शेवटच्या थरापर्यंत जाऊ द्यायचे आणि तिथे पोहोचल्यावर सांगायचे की तू पाहिलेस ते घर, घरधनी नव्हे. शवविच्छेदनाच्या वर्गात यापेक्षा मोलाची सूचना आजही देता येणार नाही.

या विद्येची किंमत वैद्यांनी समाजात मोजली. तैत्तिरीय संहितेत देवांचे वैद्य अश्विनीकुमारच अपवित्र ठरले आहेत, कारण वैद्य माणसामाणसांत हिंडतो. मनुस्मृती तर वैद्याच्या घरचे अन्न पुवासमान मानते. दुखले की वैद्याकडे धावायचे आणि बरे झाल्यावर त्याच्या पंगतीला बसायचे नाही, असा हा व्यवहार. डॉक्टरला देव म्हणणारा आणि बिलावरून त्याच्याशी भांडणारा आजचा समाज बघितला तर फार काही बदललेले नाही, एवढेच.

युरोपातही चित्र सरळ नाही. पोप बोनिफेस आठव्याने 1299 मध्ये शवविच्छेदनावर बंदी घातली असे सर्रास लिहिले जाते. तो फतवा होता तो परमुलखात मेलेल्यांचे देह उकळून, हाडे वेगळी करून मायदेशी नेण्याच्या चालीविरुद्ध. पुढच्या काही वर्षांत बोलोन्यात मोंदिनो विद्यार्थ्यांसमोर प्रेते उघडत होता. धर्म आडवा आला आणि विज्ञान थांबले ही गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून ती टिकली.

आपल्याकडे कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज 1835 मध्ये निघाले. दुसऱ्याच वर्षी पंडित मधुसूदन गुप्त या जन्माने वैद्य असलेल्या, संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवलेल्या गृहस्थाने आपल्या विद्यार्थ्यांसह प्रेताला सुरी लावली. त्या दिवशी फोर्ट विल्यममधून तोफा झाडल्या गेल्या अशी कथा सांगतात. ती खरी असो नसो, अशी कथा तयार व्हावी इतके ते धाडस मोठे होते. पणजीचे वैद्यकीय विद्यालय 1842 चे, मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 चे. ग्रँटमधून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड होते. सकाळी रोगी तपासणारा आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचणारा संस्कृत पंडित. विटाळाच्या भयाने ज्ञान अडायचे असते तर ते या माणसापाशी अडायला हवे होते. आणि आनंदीबाई जोशी? मांसाला न शिवता, लुगडे न सोडता त्या फिलाडेल्फियात शिकल्या आणि 1886 च्या मार्चमध्ये एम.डी. झाल्या. गांधींच्या घरात 'मढी फाडणे आपले काम नव्हे' हे ऐकवले गेले त्याच्या दोन वर्षे आधी एका कर्मठ ब्राह्मण घरातली विशीतली मुलगी ते शिक्षण पुरे करून बसली होती.

तेव्हा हिंदू मन प्रेताच्या विटाळातून वाट काढू शकत होते, आणि ती त्याने लवकरच काढली. खरी अडचण दुसरीकडे होती, आणि तिच्याकडे मात्र धर्माने, विज्ञानाने आणि कायद्याने मिळून डोळेझाक केली. ती अडचण म्हणजे, टेबलावर आलेल्या माणसाला कोणी विचारले होते का?

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेते डॉक्टरांना देत. 1752 पासून अमलात आलेल्या कायद्यात हा शिक्षेचाच भाग होता: खुन्याला दफन नाही, एकतर साखळदंडात टांगणे किंवा चिरफाड. वैद्यकीय शाळा वाढल्या, खुनी पुरेनात. मग रात्री कबरी उकरणारे आले. 1828 मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी उकरण्याचेही कष्ट वाचवले. सोळा माणसे मारून त्यांनी ती डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीररचनेच्या वर्गाला विकली. बर्कला फाशी झाली आणि त्याचीही चिरफाड झाली. त्याचा सांगाडा आजही एडिंबराच्या विद्यापीठात आहे. या बोभाट्यानंतर 1832 चा ॲनाटॉमी ॲक्ट आला. खुन्यांऐवजी आता आश्रयगृहात (वर्कहाउस) आणि दवाखान्यात मेलेल्या, नातेवाइकांनी न नेलेल्या गरिबांचे देह मिळणार होते. काल जी खुनाची शिक्षा होती ती आज गरिबीची शिक्षा झाली. कायदा मंजूर होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी जेरेमी बेंथम हा तत्त्वज्ञ वारला. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवल्याप्रमाणे त्याच्या मित्राने त्याचे विच्छेदन केले. सांगाड्याला त्याचेच कपडे चढवून तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसवला आहे. प्रकार चमत्कारिक खरा, पण त्या काळात त्या टेबलावर आपल्या खुशीने गेलेल्या मोजक्या माणसांपैकी तो एक.

पोलंडमध्ये 1920 नंतरच्या दशकांत हाच प्रश्न आणखी विद्रूप झाला. वैद्यकीय शाळांमधल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी मागणी केली की ज्यू मुलांनी ख्रिस्ती प्रेतांना हात लावू नये, ज्यूंनी आपली प्रेते आणावीत. मृताला लवकर आणि अखंड दफन करावे असे मानणाऱ्या ज्यू समाजापुढे पेच पडला: मुलांचे शिक्षण वाचवायचे की मेलेल्यांचा मान? मेल्यावर सगळे सारखे असे आपण म्हणतो. डिसेक्शन हॉलच्या दाराशी ते खरे ठरले नाही.

मुंबई राज्याने 1949 मध्ये आपला ॲनाटॉमी ॲक्ट केला तो 1832 च्या इंग्लिश कायद्याच्याच घराण्यातला. ठरावीक मुदतीत कोणी ताब्यात घेतला नाही तर बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतो. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या या बेवारसांवर शिकल्या. फूटपाथवर, रेल्वेच्या फलाटावर, सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात मेलेली ही माणसे. त्यांच्यातल्या अनेकांना घर असणार, गाव असणार. मुंबईत त्यांना ओळखणारे कोणी नव्हते, इतकाच त्यांचा गुन्हा. कायद्याने त्यात काही वावगे नाही, आणि ते देह मिळाले नसते तर पुढचे रुग्ण अडाण्यांच्या सुरीखाली गेले असते हेही खरे. पण उपयोग झाला म्हणून विचारायची गरज नव्हती, असे होत नाही. जिवंतपणी ज्यांना कोणी काही विचारले नाही त्यांना मेल्यावरही विचारले गेले नाही. करमचंद गांधींचा विटाळ बाजूला ठेवला तरी ही बोच जात नाही.

इथे धर्माकडे परत यावे लागते. देह म्हणजे टाकून दिलेले जुने वस्त्र ही गीतेची उपमा देहदानाच्या सभांमध्ये हमखास ऐकू येते. वक्त्यांना ती सोयीची वाटते, पण ती अर्धवट कामाची आहे. जुने वस्त्र म्हटले की त्याचे पोतेरे केले तरी कोणाला विचारायचे कारण उरत नाही. बेवारसांच्या बाबतीत आपण नेमके तेच केले. त्यापेक्षा आपल्या परंपरेतला दुसरा शब्द अधिक खोल आहे: अंत्येष्टी. अंत्य इष्टी, म्हणजे शेवटचा यज्ञ. माणूस आयुष्यभर अग्नीत काही ना काही घालत आला, अखेरीस तो स्वतःलाच घालतो. यज्ञात द्रव्य टाकाऊ नसते आणि ते दुसऱ्याचे उचलून आणलेले चालत नाही. यजमानाने आपले म्हणून द्यावे लागते. देवांनी वज्रासाठी दधीचीची हाडे घेतली ती मागून घेतली, आणि त्याने ती दिली. पुराणकाराला मागण्याचा तो प्रसंग गाळता आला असता. त्याने गाळला नाही.

मग घरच्यांचा प्रश्न येतो, आणि तो मुळीच क्षुल्लक नाही. देह कॉलेजात गेला तर अग्नी कशाला द्यायचा, अस्थी कुठून आणायच्या, दहावे कसे करायचे? आजी-आजोबांच्या इच्छेपुढे घरातल्या थोरल्याची जीभ इथेच अडखळते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या भारतरत्न पां. वा. काण्यांनी एका जुन्या विधीची नोंद केली आहे. परदेशी मेलेल्या आणि अस्थीही न मिळालेल्या माणसासाठी पळसाच्या तीनशे साठ पानांची किंवा देठांची आकृती रचायची आणि तिला अग्नी द्यायचा. देह हाती नसताना संस्कार कसा करावा, याचा विचार शास्त्रकारांनी करून ठेवला होता. परगावी हरवलेल्या माणसासाठी चालणारी वाट, सांगून-सवरून दूर गेलेल्या माणसासाठी बंद का असावी?

तैवानमधल्या त्झू ची या बौद्ध संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयाने या प्रश्नाला फार देखणे उत्तर दिले आहे. तिथे देहदात्याला 'मौन गुरू' म्हणतात. सुरी हातात घेण्याआधी विद्यार्थी त्याच्या घरी जातात, बायकोमुलांना भेटतात, माणूस काय काम करायचा, काय आवडायचे हे ऐकतात आणि त्याची जीवनकथा लिहून काढतात. शिकणे संपले की सगळे टाके घालून देह पुन्हा नीट करतात, कपडे घालतात आणि शवपेटी स्वतः उचलून अंत्यविधीला नेतात. ज्या हातांनी कापले त्याच हातांनी शिवायचे. टाके घालण्याचा सरावही होतो, हे लक्षात घेतले तर सुश्रुतालाही ही पद्धत पटली असती.

भारतात 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग आला. त्यात 'शव हा आपला पहिला गुरू' अशा आशयाचा एक पाठच आहे. काही कॉलेजांत मुले पहिल्या दिवशी देहासमोर उभी राहून शपथ घेतात, फुले वाहतात. 2022 मध्ये हिप्पोक्रेटिसची शपथ की चरकाची, यावरून देशात केवढा धुरळा उडाला! मदुराईत तर त्यापायी एका अधिष्ठात्याला काही दिवस पदावरून दूर व्हावे लागले. त्या गदारोळात या लहानशा शपथेची चर्चा कोणी केली नाही. जिवंत रुग्णाला दिलेले वचन पाच वर्षांनी कामाला येते. हे वचन पहिल्याच महिन्यात कसाला लागते, कारण समोरचा तक्रार करू शकत नाही. आपले चुकले तरी कोणाला कळणार नाही अशा ठिकाणी मुले कशी वागतात, यावर पुढचा डॉक्टर ठरतो. मात्र फुले वाहून झाल्यावर तो देह बेवारस म्हणून आला की दिलेला म्हणून, हे मुलांना सांगितले जावे. गुरू म्हणायचे आणि त्याला ओढून आणले होते हे लपवायचे, यात शिष्याचे काही भले नाही.

वैष्णवाच्या त्या मुलाचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. 1909 च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये त्याने डॉक्टरांवर असे कोरडे ओढले की आजही वाचताना डॉक्टर मंडळी कावरीबावरी होतात. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1924 च्या जानेवारीत, येरवड्याच्या तुरुंगात त्याचे पोट दुखू लागले. अपेंडिक्स होते. पुण्याच्या ससून रुग्णालयात 12 तारखेच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी पोट उघडले. मध्येच वीज गेली, आणि उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. कंदिलाच्या उजेडात सर्जनला जे दिसत नाही ते बोटांना माहीत असावे लागते, आणि बोटांना ते कोणी शिकवलेले असते? त्या पिढीचे इंग्रज डॉक्टर ज्या देहांवर शिकले ते बहुतेक 1832 च्या कायद्याने आलेले, कोणी न विचारलेले. अशा कुणा निनावी माणसांच्या पुण्याईवर गांधी त्या रात्री वाचले.

ज्यांना निदान स्वतःपुरते हे विचारणे-सांगणे नीट व्हावे असे वाटते त्यांच्यासाठी व्यवहाराची एक गोष्ट. देहदानाचा अर्ज भरला, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, कार्ड पाकिटात ठेवले, तरी मृत्यूनंतर कॉलेजला फोन करायचा असतो वारसांनी आणि शेवटची संमतीही त्यांचीच लागते. अपघाती किंवा पोलिसांकडे गेलेला मृत्यू असेल, पोस्टमॉर्टेम झाले असेल, काही संसर्गजन्य आजार असतील तर देह घेत नाहीत. नेत्रदान मात्र काही तासांतच करावे लागते आणि ते करूनही देह देता येतो. तेव्हा अर्ज कपाटात ठेवण्याआधी एखाद्या रविवारी जेवणानंतर मुलांना, सुनेला, जावयाला समोर बसवून हे सगळे सांगा, आणि दहाव्याला काय करायचे तेही त्यांच्याकडून ऐकून घ्या.